युनियन

युनियन : अनेक घटकांनी एकत्र येऊन एक होण्याची क्रिया, त्या क्रियेतून निर्माण होणारी एकत्वाची अवस्था आणि त्या अवस्थेतील संघटित समुदाय, या तिन्ही अर्थी वापरला जाणारा इंग्रजी शब्द. मराठीत संदर्भानुसार ऐक्य, संयोग, संघ, संघटना, संघराज्य असे पर्याय त्यासाठी योजले जातात. कामगार संघटना या अर्थी मात्र तो मराठीत जसाच्या तसा रूढ झाला आहे. घटक एकत्र आल्यानंतर त्यांचे वेगळे अस्तित्व कितपत शिल्लक राहते व त्यांना पुन्हा विलग होता येते किंवा नाही, याविषयी हा शब्द स्वतः काहीच सांगत नाही. या दोन्ही गोष्टी त्या त्या करारावरून, कायद्यावरून व इतिहासावरून ठरवाव्या लागतात. त्यामुळेच या शब्दाच्या अर्थावरून अनेक देशांत घटनात्मक वाद झाले. हैदराबाद संस्थानातील मराठी भाषक प्रदेशात, म्हणजे मराठवाड्यात, हा शब्द १९४७ मध्ये एका राजकीय घोषणेतून सर्वतोमुखी झाला आणि त्यानंतरच्या तेरा वर्षांत या प्रदेशाने एकीकरणाचे एकाहून अधिक प्रकार अनुभवले. या शब्दाच्या अर्थविकासाच्या दृष्टीने हे उदाहरण विशेष उद्‌बोधक आहे.

व्युत्पत्ती : लॅटिन भाषेतील ‘ऊनुस’ (एक) या संख्यावाचकापासून ‘ऊनिओ’ (एकत्व) हे नाम बनले. उत्तरकालीन लॅटिनमधून व फ्रेंचमधून ते पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आले. ‘युनिटी’, ‘युनिट’, ‘युनिक’ आणि ‘युनिव्हर्सिटी’ हे शब्द याच कुळातील आहेत. संस्कृतातील ‘एक’ व लॅटिनमधील ‘ऊनुस’ हे शब्द मुळात एकाच इंडो-यूरोपीय धातूचे असून त्यांतील प्रत्यय मात्र भिन्न आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. लॅटिनमध्ये ‘ऊनिओ’ या शब्दाने मोठ्या टपोऱ्या एकट्या मोत्याचा व एका जातीच्या कांद्याचाही बोध होत असे. इंग्रजीतील कांदावाचक ‘अनियन’ हा शब्द त्यातूनच आला. एकटेपणा आणि एकत्र येणे हे दोन परस्परांपासून दूरचे वाटणारे अर्थ अशा रीतीने या शब्दाच्या मुळाशीच आढळतात.

सामान्य व शास्त्रीय अर्थ : विवाहसंबंध, अस्थिभंगानंतर हाडाची टोके सांधली जाणे, समान हितसंबंध असणाऱ्यांचे मंडळ, अशा विविध अर्थांनी हा शब्द इंग्रजीत येतो. इंग्लंडमध्ये १८३४ च्या दारिद्र्यविषयक कायद्यान्वये अनेक पॅरिशे मिळून जे गट करण्यात आले, त्यांना ‘युनियन’ म्हणत. त्यांच्या निराधारगृहांनाही लोक तेच नाव देत असल्याने एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गरिबांच्या मनात या शब्दाला भीतीची छटा होती. गणितात दोन संचांतील सर्व घटकांचा मिळून होणारा संच म्हणजे त्यांचा ‘युनियन’ होय. त्यास मराठी पाठ्यपुस्तकांत ‘संयोग’ ही संज्ञा आहे. येथे दोन्ही संचांत असणारा घटक एकदाच मोजला जातो, परंतु कोणताही घटक नाहीसा होत नाही. नळजोडणीच्या धंद्यात दोन नळ जोडणाऱ्या एका विशिष्ट जोडास कारागीर ‘युनियन’ म्हणतात. नळ न फिरविता केवळ मधले चाक सैल करून तो सोडविता येतो, हे त्याचे वैशिष्ट्य. म्हणजे एका व्यवहारात हा शब्द पुन्हा उलगडता येणाऱ्या जोडाचा वाचक आहे, तर हाडांच्या बाबतीत तो न उलगडणाऱ्या सांध्याचा वाचक आहे. राज्यशास्त्रात हेच दोन अर्थ परस्परांसमोर उभे राहिलेले दिसतात.

राज्यांचे ऐक्य : इंग्लंड व स्कॉटलंड ही राज्ये १६०३ मध्ये एका राजाच्या अंमलाखाली आली. हे केवळ राजमुकुटांचे ऐक्य होते. दोन्ही देशांच्या संसदांनी संमत केलेल्या कायद्यांनुसार १ मे १७०७ पासून त्यांची संसदही एक झाली. या ऐक्यातही स्कॉटलंडची न्यायपद्धती व चर्चव्यवस्था वेगळी राखण्यात आली होती. १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंड त्यात समाविष्ट झाले व ब्रिटिश ध्वजास, म्हणजे ‘युनियन जॅक’ला, आजचे रूप मिळाले. १९२२ मध्ये आयर्लंडचा बहुतेक भाग त्यातून बाहेर पडला; तरीही ध्वज पूर्ववत राहिला.

अमेरिकेतील तेरा वसाहतींनी १७७७ मध्ये तयार केलेल्या पहिल्या राज्यबंधाच्या मसुद्यातच आपला संघ चिरस्थायी असल्याचे घोषित केले होते. १७८७ च्या संविधानाने तो अधिक परिपूर्ण करण्याचा उद्देश जाहीर केला. तथापि घटक राज्यास त्यातून बाहेर पडता येते काय, हा प्रश्न संविधानाने अनुत्तरितच ठेवला होता. त्याचा निकाल १८६१–६५ च्या यादवी युद्धाने लागला. या युद्धात ‘युनियन’ हे उत्तरेकडील पक्षाचे नावच बनले. पुढे १८६९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने संघही अविनाशी आहे व त्याची घटक राज्येही अविनाशी आहेत, असे तत्त्व प्रतिपादिले.

याउलट सोव्हिएट युनियनच्या (१९२२–९१) संविधानात घटक प्रजासत्ताकांना विलग होण्याचा हक्क शब्दशः दिलेला होता. प्रत्यक्षात मात्र तो सात दशके वापरता आला नाही. १९१० मध्ये स्थापन झालेले ‘दक्षिण आफ्रिका युनियन’ हे नावाने युनियन असले, तरी रचनेने एकात्म राज्य होते. यूरोपीय युनियन (१९९३) हे सार्वभौम राष्ट्रांचे मंडळ असून त्यातून बाहेर पडण्याची रीत त्याच्या कराराच्या ५० व्या अनुच्छेदात दिलेली आहे. तीनुसार ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडले. शब्द एकच असला, तरी त्यामागील करार किती भिन्न असू शकतात, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

कामगारांची युनियन : अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील कामगारांच्या संघटना बेकायदा मानल्या जात. १७९९ व १८०० च्या कायद्यांनी त्यांवर बंदी घातली. ती १८२४ मध्ये उठली, तरी संघटनांना पूर्ण कायदेशीर मान्यता मिळण्यास १८७१ साल उजाडले. भारतात नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांच्या मागण्या मांडल्या. १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुटी मान्य झाली. १९१८ मध्ये मद्रास येथे ‘मद्रास लेबर युनियन’ व १९२० मध्ये मुंबई येथे ‘ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस’ यांची स्थापना झाली. मद्रासच्या संघटनेच्या पुढाऱ्यांवर गिरणीमालकांनी न्यायालयातून मनाईहुकूम मिळविल्यामुळे संघटनांना कायद्याचे संरक्षण देण्याची निकड भासली व १९२६ चा भारतीय कामगार संघटना कायदा झाला. १९२८ च्या दीर्घ संपाने मुंबईची ‘गिरणी कामगार युनियन’ घराघरांत पोहोचली. ‘युनियन करणे’, ‘युनियनचा माणूस’ यांसारखे मराठी वाक्‌प्रयोग या इतिहासातून रूढ झाले. या अर्थी युनियन म्हणजे दुर्बल व्यक्तींनी बलिष्ठासमोर एकवटणे होय. घटकांचे बळ वाढावे हाच तिचा हेतू असतो.

भारतीय संविधानातील संज्ञा : ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या शिष्टमंडळाने १६ मे १९४६ रोजी मांडलेल्या योजनेत ब्रिटिश हिंदुस्थान व संस्थाने यांच्या मिळून एका ‘युनियन’ची कल्पना होती व तिच्याकडे परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण एवढेच विषय सोपवावयाचे होते. देशाची फाळणी झाल्याने ती योजना बारगळली. १९४७ च्या स्वातंत्र्याच्या कायद्यात ‘डोमिनियन’ हा शब्द आला. तथापि लोकांच्या व वृत्तपत्रांच्या भाषेत ‘इंडियन युनियन’ हाच प्रयोग टिकून राहिला.

संस्थानांच्या संदर्भात त्या काळात तीन भिन्न प्रक्रिया घडल्या व त्यांची नावे मराठीत पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरली जातात. पहिली प्रक्रिया सामीलीकरणाची. तीत संस्थानिक सामीलनाम्यावर स्वाक्षरी करून उपरोक्त तीन विषय डोमिनियनकडे देई व त्याचे संस्थान कायम राही. दुसरी विलीनीकरणाची. तीत संस्थानाचा कारभार पूर्णपणे शेजारच्या प्रांतात मिसळला जाई. औंध, सांगली, मिरज, फलटण इ. दक्षिणी संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी व कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात अशा प्रकारे विलीन झाली. तिसऱ्या प्रक्रियेत अनेक संस्थानांचा मिळून एक नवा संघ बनविण्यात आला. सौराष्ट्र, मत्स्य तसेच पतियाळा व पूर्व पंजाब संस्थानांचा संघ ही त्याची उदाहरणे होत.

संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदात भारताचे वर्णन राज्यांचा संघ असे करण्यात आले असून तेथे मूळ इंग्रजी शब्द ‘युनियन’ हा आहे. ‘फेडरेशन’ हा रूढ शब्द टाळून तो का योजला, याचे स्पष्टीकरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत केले. भारताची संघीय रचना घटक राज्यांनी आपापसांत केलेल्या करारातून उद्‌भवलेली नाही आणि ती करारजन्य नसल्यामुळे कोणत्याही राज्यास विलग होण्याचा अधिकार नाही, असे त्यांच्या विवेचनाचे सार होते. दुसरीकडे, तिसऱ्या अनुच्छेदानुसार संसदेस नवी राज्ये निर्माण करण्याचा, राज्यांच्या सीमा व नावे बदलण्याचा अधिकार आहे. त्यासाठी संबंधित विधानमंडळाचे मत मागविले जाते. परंतु त्याची संमती आवश्यक नाही. म्हणजे अमेरिकेत संघ व घटक हे दोन्ही अविनाशी मानले गेले, तर भारतात संघ अविनाशी आणि घटक बदलण्याजोगे ठरले. या तत्त्वाचा सर्वांत ठळक प्रत्यय हैदराबादच्या बाबतीत आला.

हैदराबाद संस्थान व ‘जॉइन इंडियन युनियन’ चळवळ : निजामाच्या हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी व कन्नड असे तीन भाषिक प्रदेश होते. त्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद (त्या वेळची नावे) हे पाच जिल्हे म्हणजे मराठवाडा. आजचा लातूर जिल्हा त्या वेळी अस्तित्वात नव्हता. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात, तर उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. संस्थानाचे स्वतःचे सैन्य, टपाल, रेल्वे व चलन होते. सात हाली रुपयांस सहा कलदार रुपये असा विनिमयाचा दर असे. सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते. त्यामुळे ‘युनियन’च्या आत असणे व बाहेर असणे यांतील फरक नांदेड किंवा उदगीरच्या व्यापाऱ्याला व शेतकऱ्याला रोजच्या व्यवहारात जाणवत होता.

हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेच्या वेळीच बंदी घालण्यात आली. ती १९४६ मध्ये उठली. स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–७२) हे तिचे प्रमुख नेते होते. जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून ब्रिटिश सत्ता गेल्यावर आपण स्वतंत्र राहणार असल्याचे सूचित केले. त्यास उत्तर म्हणून स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस ‘जॉइन इंडियन युनियन’ दिन म्हणून पाळण्याचे आवाहन केले व त्यातून सत्याग्रहास प्रारंभ झाला. घोषणा इंग्रजी असूनही ती खेड्यापाड्यांत पोहोचली. १५ ऑगस्ट रोजी स्वामीजींना अटक झाली. सिंदीची झाडे तोडणे, करोडगिरीचे नाके उद्‌ध्वस्त करणे, विद्यार्थ्यांनी शाळा सोडणे, असे आंदोलनाचे स्वरूप होते. उमरखेड, सोलापूर, बार्शी इ. ठिकाणी सरहद्दीपलीकडे कार्यकर्त्यांची शिबिरे उभी राहिली. नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर कार्यकर्त्यांनी ३० जानेवारी १९४८ रोजी हल्ला केला, तो याच शिबिरांच्या कार्याचा भाग होता.

विरोधी पक्षाच्या नावातही ऐक्याचाच शब्द होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या ‘मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन’ या नावातील ‘इत्तेहाद’ हा अरबी शब्द ‘एक’ या अर्थाच्या धातूपासून आला असून त्याचा अर्थ ‘ऐक्य’ असा होतो. लातूर येथे वकिली करणारे कासिम रझवी १९४६ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. त्यांच्या नेतृत्वाखालील रझाकार दलाने संस्थानाच्या स्वतंत्र अस्तित्वासाठी शस्त्र उचलले व मराठवाड्यातील अनेक गावांत हिंसाचार केला. वाद ऐक्य असावे की नसावे, असा नव्हताच. कोणाचे कोणाशी ऐक्य, हा त्या वादाचा विषय होता.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला. सामीलनाम्यावर मात्र स्वाक्षरी झाली नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली व १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. या कारवाईच्या काळात व तिच्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात मुसलमान समाजाची मोठी प्राणहानी झाली. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक झळ पोहोचलेले जिल्हे असल्याचे नमूद करून एकूण मृतांची संख्या किमान २७,००० ते ४०,००० असावी, असा अंदाज दिला. या एकीकरणाचा इतिहास रझाकारांचे अत्याचार व नंतरची ही हानी या दोहोंची नोंद घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हैदराबादचा भारतात प्रवेश निराळ्या मार्गाने झाला. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून भारताचे संविधान संस्थानास लागू होईल, असे जाहीर केले. २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद हे ‘ब’ वर्गातील राज्य झाले व निजाम त्याचे राजप्रमुख झाले. ‘हैदराबादचे विलीनीकरण’ हा शब्दप्रयोग मराठीत सर्वत्र आढळतो; तथापि १९५० मध्ये ते राज्य कोणत्याही प्रांतात विलीन झालेले नव्हते. आपल्या जुन्या सीमांसह ते संघाचे घटक बनले होते.

मराठवाडा व संयुक्त महाराष्ट्र : संघात आलेले हैदराबाद राज्य पुढे सात वर्षेही टिकले नाही. राज्यपुनर्रचना कायद्याने १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे तीन भाग झाले. तेलंगण आंध्रात, कन्नड प्रदेश म्हैसूर राज्यात व मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके तसेच आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यास मिळाले. तर नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा इ. मंडळे आंध्रात गेली. अशा रीतीने संस्थान ज्या सीमांनिशी संघात आले, त्या सीमाच पुसल्या गेल्या. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा महाराष्ट्र राज्याचा भाग झाला.

या दुसऱ्या एकीकरणाच्या अटी काय होत्या, हा प्रश्न पुढे महत्त्वाचा ठरला. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ, मराठवाडा व उर्वरित राज्य या विभागांवर लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च व्हावा, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष द्यावे, नोकऱ्यांत व शिक्षणात योग्य वाटा मिळावा, असे ठरले होते. हा करार राजकीय नेत्यांमधील होता. त्यास कायद्याचे बळ नव्हते. मराठवाडा बिनशर्त महाराष्ट्रात आला, असे जे या प्रदेशात सामान्यतः सांगितले जाते, त्याचा आशय, मराठवाड्याने आपल्या प्रवेशासाठी वेगळा बंधनकारक करार मागितला नाही, असा घ्यावयास हवा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे स्थापण्याची व निधीच्या न्याय्य वाटपाची तरतूद झाली. ही तरतूद राष्ट्रपतींच्या आदेशावर अवलंबून होती व तो आदेश निघण्यास १९९४ साल उजाडले.

मधल्या काळात गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या स्वातंत्र्यलढ्यातील नेत्यांनी मराठवाडा जनता विकास परिषदेमार्फत सिंचन, रेल्वे, शिक्षण व उद्योग यांविषयीच्या मागण्या लावून धरल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबाद येथे १९८१ मध्ये सुरू झाले. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये राज्यातील प्रादेशिक असमतोलाचे मोजमाप केले. राज्याच्या सरासरीपर्यंत पोहोचण्यास जो खर्च करावा लागेल, त्यास समितीने ‘अनुशेष’ म्हटले. राज्याचा एकूण अनुशेष सु. ३,१८७ कोटी रु. व त्यातील मराठवाड्याचा सु. ७५१ कोटी रु. असल्याचे तिने दाखविले. तेव्हापासून ‘अनुशेष’ हा शब्द मराठवाड्याच्या सार्वजनिक भाषेत स्थिर झाला. एकत्र येताना जे देण्याचे ठरले आणि प्रत्यक्षात जे मिळाले, त्यांतील अंतर असाही अर्थ त्यास प्राप्त झाला. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली व ती ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

जुन्या हैदराबादच्या उर्वरित दोन भागांशी तुलना केल्यास हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. तेलंगणाच्या प्रवेशासाठी फेब्रुवारी १९५६ मध्ये नेत्यांमध्ये ‘सभ्य गृहस्थांचा करार’ झाला. तो पाळला गेला नाही, ही तेथील आंदोलनांची मुख्य तक्रार होती. अखेरीस २ जून २०१४ रोजी तेलंगण हे स्वतंत्र राज्य झाले. कर्नाटकातील जिल्ह्यांसाठी ९८ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१-ञ समाविष्ट होऊन विकास मंडळाबरोबरच शिक्षण व नोकऱ्यांतील राखीव जागांचीही तरतूद झाली. एकाच संस्थानाच्या तीन भागांना एकीकरणाच्या तीन निरनिराळ्या अटी लाभल्या, असा याचा अर्थ होतो.

मराठी पर्यायांचा प्रश्न : संविधानाच्या मराठी पाठात ‘युनियन’ या शब्दासाठी ‘संघ’ व ‘संघराज्य’ हे दोन्ही शब्द आलेले आहेत, तर राज्यशास्त्राच्या मराठी ग्रंथांत ‘संघराज्य’ हा शब्द ‘फेडरेशन’साठी रूढ आहे. त्यामुळे डॉ. आंबेडकरांनी या दोन इंग्रजी शब्दांत जो भेद केला, तो मराठीत सहजासहजी दिसत नाही. व्यवहारात ‘केंद्र’ व ‘केंद्र सरकार’ हेच शब्द अधिक चालतात. पहिल्या अनुच्छेदात मात्र ‘केंद्र’ हा शब्द नाही. ‘केंद्र’ म्हटले, की परीघ आपोआप दूरचा ठरतो. ‘संघ’ म्हटले, की सर्व घटक त्यात अंतर्भूत असल्याचे सूचित होते. तमिळनाडू शासनाने २०२१ मध्ये तमिळमधील केंद्रवाचक शब्दाऐवजी संघवाचक शब्द वापरण्यास सुरुवात केल्यावर जी चर्चा झाली, ती याच भेदावर आधारलेली होती. ‘विलीनीकरण’ या शब्दात विरघळून जाण्याची, ‘सामीलीकरण’ यात आपण होऊन आत येण्याची, तर ‘एकीकरण’ यात दोन्ही बाजूंनी एक होण्याची छटा आहे. इतिहासलेखनात हे शब्द विवेकाने वापरणे इष्ट ठरते.

१७ सप्टेंबर या तारखेस दिली जाणारी नावेही हेच दर्शवितात. महाराष्ट्रात तो ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ आहे. कर्नाटकात तो पूर्वी विमोचन दिन म्हणून ओळखला जाई व २०१९ पासून ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ म्हणून साजरा होतो. तेलंगण शासनाने २०२२ मध्ये तो राष्ट्रीय एकात्मता दिन म्हणून, तर २०२४ मध्ये प्रजापालन दिन म्हणून साजरा केला. भारत सरकारने २०२२ पासून त्यास हैदराबाद मुक्ती दिन म्हटले. घटना एकच असली, तरी मुक्ती म्हणावे की एकात्मता, यावरून तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

नांदेडनजीक गोदावरीकाठच्या विष्णुपुरी येथील विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे विकास मंडळे अस्तित्वात आली त्याच वर्षी, झाली. ‘जॉइन इंडियन युनियन’ चळवळीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव त्यास देण्यात आले असून नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. नावात लढ्याची स्मृती आणि स्थापनेत प्रादेशिक मागणीची पूर्तता, असे मराठवाड्याच्या दोन्ही एकीकरणांचे संदर्भ या संस्थेत एकत्र आलेले आहेत. संघात येण्याचा प्रश्न १९४८ मध्ये सुटला. आत आलेल्या घटकास समान वाटा मिळण्याचा प्रश्न त्यानंतर सुरू झाला. ‘युनियन’ या शब्दाच्या अर्थात या दोहोंचाही समावेश होतो.